हाताशिवाय पाठ

मंगला गौरी, वाराणसी
१२ जानेवारी

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. फोन केला की तुम्ही 'हं' म्हणता आणि मग 'आईला दे' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय.

तुम्ही मिश्रा सरांना फोन का केलात?

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते, माझ्या पगारातून विमान शिकते, रविवारी अंधारात उठून बसने तीन तास त्या हवाई पट्टीपर्यंत जाते. मला शिकवणाऱ्या माणसाला माझ्या पाठीमागे फोन करून 'बिटिया को समझाइए, घर में हम सब परेशान हैं' असं सांगायचं तुम्हाला काय कारण? आणि 'हम सब' म्हणजे कोण कोण? घरात मी आणि आई. आई परेशान असते ती गॅस संपला की. तुम्ही तर घरात नाहीतच. 'एक तर ते विमान, नाहीतर मी,' असं म्हणालात, मी विमान म्हटलं, आणि आठ दिवसांत त्या गोदाकाठच्या पाठशाळेचं बोलावणं स्वीकारून तुम्ही काशी सोडलीत. आयुष्यभर 'काशी सोडून कुठे जाणार' म्हणणारा माणूस. मुलीने ऐकलं नाही एवढ्यावरून.

गल्लीत अजून लोक विचारतात, गुरुजी कब लौटेंगे. मी सांगते, आम्हाला काय ठाऊक, तिकडे विचारा. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर तुमची जागा होती तिथे आता कोणीतरी छत्री लावून फोनची कव्हरं विकतो. तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच लिहिलं.

नंबर तुम्हाला आईने दिला, ते मला कळलंय. तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग तीच म्हणाली, मनगट बघितलं तुझं, मग काय करू, कोणाला सांगू. मनगटाला बसचं दार लागलं होतं. एवढ्याशा काळ्यानिळ्या डागावरून तुम्ही दोघांनी मिळून माझा तमाशा केलात.

सध्या उड्डाणं बंद आहेत, कारण धुकं. इथलं जानेवारीचं धुकं तुम्हाला माहीत आहे. गंगेपलीकडच्या रेतीचा पत्ता लागत नाही, तर विमान काय उडणार. बस, एवढंच आहे. पुन्हा फोन करू नका.

अवनी


२ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. 'धुक्याचं कळलं. खरं काय ते लिही.' एवढंच. दीड वर्षात मला आलेलं पहिलं कार्ड, आणि त्यातही खोटं पकडल्याचा आनंद. तुमची अक्षरं बघून क्षणभर बरं वाटलं होतं, तेही वाया गेलं.

म्हणजे सरांनी तुम्हाला सगळं सांगितलं. सगळ्या जगाला ठाऊक, मीच एकटी धुकं धुकं करत बसलेय. ठीक आहे. माझ्याकडून ऐका मग.

विमान सुरू करताना, धावपट्टीवर जाताना, उडण्याआधी, प्रत्येक वेळी एक यादी असते. एका जाड कार्डावर छापलेली. सीट जागेवर अडकली का, पट्टे बांधले का, दारं बंद का, पेट्रोलचा खटका कुठे आहे, असं एकेक. ती यादी कार्डावरून वाचायची असते. ज्याला हजारो तासांचा अनुभव आहे तोही वाचतो. सर स्वतः वाचतात. पहिल्या दिवशीच म्हणाले होते, 'पढ़ो, छुओ, फिर बोलो.' वाच, हात लाव, मग बोल.

आणि मी ती पहिल्याच आठवड्यात पाठ केली. बसमध्ये. मागून पुढे, पुढून मागे, दोन ओळी सोडून तिसरी. बाकीची मुलं कार्डात बोट ठेवून अडखळत वाचायची, आणि मला, खरं सांगते, त्यांची कीव यायची. आपल्या घरात पोथीत बघून म्हणणाऱ्याला काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही पाठशाळेतल्या मुलांना पुस्तकाकडे नजर गेली तर उठवून उभं करायचात. माझ्याने कार्ड हातात धरवेना. मांडीवर ठेवायचे, उलटं.

त्या रविवारी इंजिन चालू होतं. मी यादी म्हणायला घेतली. सीट अडकली, पट्टे बांधले, असं पुढे पुढे. मध्येच पेन्सिल खाली पडली. सीट जरा मागे सरकवून मी ती उचलली, सीट पुन्हा पुढे घेतली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे म्हणायला लागले. सीटचं म्हणून झालं होतं ना. म्हटलं होतं म्हणजे झालं होतं. सर तेव्हा रेडिओवर बोलत होते.

सीट अडकलीच नव्हती. खालची खिट्टी भोकात बसली नव्हती.

पूर्ण जोर लावला, वेग आला, मी कंट्रोल ओढला, नाक वर झालं, आणि सीट सर्रकन मागे गेली. माणूस मागे पडताना हातात असेल ते धरून ठेवतो. माझ्या हातात विमान होतं. मी ते धरून मागे गेले आणि नाक आणखी वर, आणखी वर. एक भोंगा वाजतो, विमान आता पडणार असं सांगणारा. तो वाजायला लागला. सर 'छोड़ो' म्हणून ओरडले. मला सोडता येईना. मग त्यांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की हात आपोआप सुटला, आणि त्यांनी नाक खाली दाबलं.

ते बसचं दार.

उतरल्यावर मी गवतात ओकले. सर पाणी घेऊन आले. मग म्हणाले, 'तुम मुँह से जहाज़ उड़ाती हो, अवनी.' तोंडाने विमान उडवतेस. होळी होईपर्यंत मला विमानाला हात लावायला बंदी आहे. होळीनंतर ते एकदा तपासणार. तेव्हाही तोंडाने उडवलं तर म्हणाले, दुसरा शिकवणारा शोध, मी तुला एकटीला विमान घेऊन कधीच जाऊ देणार नाही. आणि त्यांनी नाकारलेल्या मुलीला त्या पट्टीवर दुसरं कोणी शिकवणार नाही. एकटीने उडवल्याशिवाय लायसन्स नाही. म्हणजे संपलं.

आता खूश? तुम्हाला हवं होतं तेच होतंय, आणि तेही तुमच्याच कृपेने. तुम्ही मला एक अक्षर शिकवलं नाहीत, पण तुमची खोड मात्र मला बरोबर लागली. न बघता म्हणायचं, न अडखळता म्हणायचं, म्हटलं की झालं. या विद्येने मी त्या दिवशी मेले असते आणि सरांना घेऊन मेले असते. त्यांना दोन लहान मुलं आहेत.

अवनी


२१ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं कार्ड बँकेच्या पत्त्यावर का पाठवलंत? आईने वाचू नये म्हणून? काउंटरवर लोकांची रांग असताना मी ते वाचलं. समोर एक आजोबा पेन्शनचं पासबुक घेऊन उभे होते, त्यांना मी 'बाद में आइए' म्हणाले आणि उठून गेले. आजवर मी कोणाला असं म्हटलेलं नाही.

तुमचीच वाक्यं तुम्हाला परत लिहून पाठवते, म्हणजे वाचायला कशी लागतात ते कळेल.

'हाताशिवाय पाठ मी आजवर कोणालाही शिकवलेला नाही. आपल्या शुक्ल यजुर्वेदात स्वर जिभेने म्हणायचा आणि त्याच क्षणी हाताने दाखवायचा. हात वर, हात खाली, हात बाजूला. हात चुकला की पाठ चुकला, मग जीभ कितीही शुद्ध असो. हात मागे राहिला तर मी विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतो. तू आवाज ऐकलास, हात पाहिला नाहीस. दोष पाठाचा नाही. दोष ऐकीव शिकण्याचा आहे.'

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. तुमचा पाठ आणि सरांची यादी एकच सांगतात, बोलायचं तिथे हात हवा. मी अर्धंच उचललं. कार्ड वाचून पहिल्यांदा हेच मनात आलं, की अरे हो, असंच झालं. आणि मग डोकं असं भडकलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी हात का पाहिला नाही, बाबा?

आपल्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून मी ऐकायचे, कारण आत बसायला परवानगी नव्हती. दार तेव्हा अर्धं उघडं असायचं. मुलांचे हात हलताना दिसायचे, पण कोणता हात कुठल्या अक्षराला, ते तिथून कळायचं नाही. मला वाटायचं मुलांना झोप येऊ नये म्हणून तुम्ही हात हलवायला लावता. नऊ वर्षांची होते. तुमचे ते पाहुणे आले होते, साताऱ्याकडचे कोणी शास्त्री, आणि तुमचा देवव्रत अडखळला. तुमचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, दोन वर्षं घोकून. मी जिन्यावरून पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. मग थांबताच येईना, अध्याय संपेपर्यंत म्हटला. पाहुणे म्हणाले, वा, हे कोण? तुम्ही हसलात. मी बघितलं तुम्हाला हसताना, दाराच्या फटीतून. तुम्हाला अभिमान वाटला होता, नाही म्हणू नका.

दुसऱ्या दिवसापासून दाराला आतून कडी.

मी तरी पायरीवर बसतच राहिले, आणखी चार वर्षं. कडी लावलेल्या दारातून हात कसा दिसणार? 'ऐकीव' म्हणता. मला ऐकीव कोणी ठेवलं? तुम्हाला मुलगा नाही. तुमच्या मागे हा पाठ म्हणणारं घरात कोणी नाही म्हणून तुम्ही आयुष्यभर हळहळलात, लोकांची मुलं गोळा केलीत, त्यातली निम्मी आज साड्यांच्या दुकानात आहेत, देवव्रत विमा विकतो. आणि जिला येत होतं तिला बाहेर बसवलंत. बरं, बाहेर बसवलंत ते बसवलंत, आता त्याच पोरीला तिचा हात चुकला म्हणून कार्डावर शिकवता.

दोष कशाचा ते मला नीट कळलं. तुम्हाला कळलंय का ते विचारतेय.

उत्तर नको.

अवनी


६ एप्रिल

बाबा,

हे पत्र आईच्या आग्रहाने. ती म्हणाली, जे झालं ते कळव, भांडण तुझं तू चालू ठेव. तुम्हीही उत्तर पाठवलं नाहीत. सांगितलेलं इतकं काटेकोर ऐकायची सवय तुम्हाला कधीपासून लागली?

विमानाच्या आतल्या बाजूचा एक मोठा फोटो मिळतो, सगळे खटके आणि काटे असलेला, खऱ्याएवढा. तो मी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला आणि त्याच्यासमोर वेताची खुर्ची ठेवली. यादी आईला देवनागरीत लिहून दिली. रोज संध्याकाळी ती पोळ्या करता करता एकेक ओळ वाचायची आणि मी हात लावून उत्तर द्यायचे. उत्तर आधी आणि हात नंतर आला की ती लाटणं खाली ठेवायची. 'हात कुठंय?' एवढंच. पहिले काही दिवस मी तिच्यावर चिडायचे, कारण मला ओळ संपायच्या आतच पुढचं येत असायचं. जीभ पुढे पळते, ती मागे खेचायची म्हणजे काय त्रास असतो तो तुम्हाला कळेल. दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही, याचा मला रागच येतो.

आई मुद्दाम मध्ये बोलायची. 'अगं, दूध बघ.' 'शेजारच्या नीलकंठचं लग्न ठरलं.' मध्ये कोणी बोललं की पहिल्यापासून सुरू करायचं, हा सरांचा नियम. तुमचाही तोच. एकदा नऊ वेळा पहिल्यापासून म्हटलं आणि पोळ्या करपल्या. आईने करपलेल्याच वाढल्या, वर म्हणाली, गुरुजींच्या घरात हेच जेवण असतं.

होळीनंतरच्या रविवारी सरांनी तपासलं. मी कार्ड हातात घेतलं. सगळ्यांसमोर, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखी वाचायला लागले. मान खाली गेली होती माझी. अर्ध्यावर आले तेव्हा सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'पिताजी से बात हुई क्या?' माझ्या कानशिलात रक्त चढलं. उत्तर ओठांवर आलं होतं, पुढची ओळही ओठांवर होती. मी दोन्ही गिळली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. सीट. हाताने खाली चाचपलं, पाठ मागे रेटून बघितली, मग म्हटलं.

सरांनी बंदी उठवली. त्यानंतर आम्ही तीन रविवार उडलो.

काल दोन फेऱ्या मारून झाल्यावर त्यांनी विमान धावपट्टीच्या कडेला थांबवायला सांगितलं, दार उघडलं आणि उतरले. 'एक चक्कर. सीधे आना.' आणि पाठ फिरवून चालू लागले. मला वाटलं होतं आधी सांगतील, तयारी करता येईल. सांगतच नाहीत कोणाला.

एक माणूस उतरला की विमान हलकं होतं, भसकन वर जातं. खाली गहू कापायला आलेला. मी सगळं मोठ्याने बोलत होते, एकटीच, प्रत्येक ओळीला हात लावून. भीती वाटली का? वाटली. पण रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मधल्या टप्प्यावर, वर सगळं शांत असताना, माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात बोलण्याबरोबर आपसूक चाललाय. जीभ आणि हात एकदम. एकोणीस वर्षांनी. आणि ते बघायला तिथे कोणी नव्हतं.

उतरले. उड्या मारत उतरले, चाक दोनदा टेकलं. सर म्हणाले, 'चलेगा.'

अवनी


३० नोव्हेंबर

बाबा,

लायसन्स आलं. ते तुम्हाला आईने त्याच दिवशी कळवलं, आणि तुम्ही तिला म्हणालात, 'तिला विचार, मला एकदा बसवेल का.'

तिला विचार. मी शेजारच्याच खोलीत होते. फोन स्पीकरवर होता. मला विचारायला तुमची जीभ अजून वळत नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली नाही, तर ती तुम्हाला म्हणाली, पत्र लिहील. म्हणजे माझं उत्तरही तिनेच देऊन टाकलं.

आणि त्याआधी उन्हाळ्यात लिहिलं होतंत, 'इकडे ये, हात शिकवतो, दार उघडं आहे.' त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. आता देते. नको. नऊ वर्षांची असताना हवा होता. तेव्हा शिकवला असतात तर मी आज तुमच्या जागी बसून मुलं शिकवत असते आणि विमान हा शब्दही तोंडात आला नसता. आता तुमच्याकडे येऊन पोरांच्या रांगेत बसू, आणि तुम्ही पाहुण्यांना दाखवणार, बघा, माझी मुलगी? येणार नाही मी. हे तुम्हाला लागेल. लागू दे.

बसवायचं म्हणाल तर बसवेन. लायसन्स असलं की शेजारी माणूस बसवता येतो. पण माझा राग गेलेला नाही, आणि रागावलेल्या माणसाने चालवलेल्या विमानात बसायचं का, ते तुम्ही आधी ठरवा. सरांना विचारलं मी. ते म्हणाले, राग असू दे, यादी पूर्ण वाच.

तर यादी मी वाचणार आहे. कार्डावरून, बोट ठेवून, मोठ्याने. तुम्ही ज्यांना आयुष्यभर कमी लेखलंत त्यांच्यासारखी. 'एवढी पाठ असताना वाचतेस कशाला' असं म्हणायचं नाही. 'हं' सुद्धा करायचं नाही.

पण नुसतं गप्प बसायचं नाही. ओळ मी वाचेन, उत्तर मी देईन, आणि तुम्ही माझ्या हाताकडे बघायचं. प्रत्येक ओळीला. हात जागेवर दिसला तर 'हो' म्हणायचं. नाही दिसला तर 'नाही' म्हणायचं, आणि मी पहिल्यापासून सुरू करेन, कितीही वेळा. मला खूश करायला एकदाही खोटं 'हो' म्हणू नका. तुम्हाला हे काम जगात सगळ्यात चांगलं येतं, मला माहीत आहे. माझ्यासाठी ते कधी केलं नाहीत, म्हणून सांगावं लागतंय.

तुम्ही शेवटचं 'हो' म्हणेपर्यंत विमान जागचं हलणार नाही.

शेजारी बसणाऱ्याचं वजन आधी भरावं लागतं. तुमचं कळवा. अंदाजे नको, काट्यावर उभे राहून बघा. आणि मला कळवा, आईला नाही.

अवनी